पुसलेल्या फिती आणि सार्वजनिक स्मृती

२०१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये एक बातमी जाहीर झाली. नायजेरियातील जोस या शहरी, चित्रवाणी केंद्राच्या एका कोठारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली काही रिळे सापडली होती. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे नऊ भाग त्यांत होते. हे भाग १९६७-६८ साली प्रक्षेपित झाले, त्यानंतर बीबीसीने ते आपल्याच हातांनी नाहीसे केले, आणि ते कायमचे गेले असे मानून लोकांनी त्यांची आशा सोडली होती. एखादे प्राचीन हस्तलिखित हाती लागावे तसे या शोधाचे स्वागत झाले. ज्या संस्थेने हा कार्यक्रम निर्माण केला तिच्यापाशी त्याची प्रत नव्हती. ती निघाली ब्रिटिश साम्राज्यातून १९६० साली मुक्त झालेल्या एका देशाच्या अडगळीच्या खोलीतून.

शेतमालाचे भाव, कामगारांचे लढे आणि सरकारी धोरणे यांची चर्चा करणाऱ्या या पृष्ठावर एका विलायती मालिकेची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. परंतु ही गोष्ट केवळ करमणुकीची नाही. लोकांच्या पैशातून जे निर्माण होते त्याचा मालक कोण, ते राखण्याची जबाबदारी कोणावर, आणि जमाखर्चाच्या वहीत ज्याला किंमत नाही त्याचे रक्षण समाजाने कसे करायचे, हे तीन प्रश्न तिच्यात गुंतलेले आहेत. हे प्रश्न समाजवाद्यांनी विचारायचे नाहीत, तर कोणी विचारायचे?

आधी घडले काय ते पाहू. 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. ते दोन इंच रुंदीच्या चुंबकीय चित्रफितीवर नोंदले जात. अशा फितीचा शोध अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला, आणि तिचा मोठा गुण हा की ती पुसून पुन्हा वापरता येई. फीत महाग होती, ठेवायला जागा लागत होती, आणि प्रक्षेपण होऊन गेलेल्या कार्यक्रमाचा पुढे काही उपयोग होईल असे कोणाला वाटत नव्हते. तेव्हा १९६७ पासून या मालिकेच्या मूळ फिती पुसण्यास प्रारंभ झाला आणि साठीच्या दशकातील मूळ फिती अशा रीतीने संपल्या. परदेशी विक्रीसाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर ज्या प्रती काढल्या होत्या, त्यांपैकीही पुष्कळशा सत्तरीच्या दशकात नष्ट करण्यात आल्या. आज जे भाग पाहता येतात ते या फिल्मवरील प्रतींपैकी वाचलेल्या प्रतींच्या आधारे. २०१३ च्या शोधानंतरही ९७ भाग बेपत्ताच होते.

हा व्यवहार मूर्खपणाचा होता असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु तो करणारी माणसे मूर्ख नव्हती, आणि म्हणूनच हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. त्यांच्या हिशेबात कोरी फीत ही मालमत्ता होती. भरलेली फीत जागा अडवीत होती, म्हणून ती खर्चाच्या बाजूला पडत होती. फितीची किंमत पौंडांत लिहिता येत होती. तिच्यावर जे नोंदले होते त्याच्यासाठी वहीत रकानाच नव्हता. घरी फीत लावून कार्यक्रम पाहण्याची सोय अजून निघायची होती. त्यातच बीबीसीच्या दोन्ही वाहिन्यांवर १९६७ ते १९६९ या काळात रंगीत प्रक्षेपण आले आणि कृष्णधवल कार्यक्रम एकाएकी जुनेपुराणे ठरले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित दोष दिसेल. निर्णय घेणाऱ्याला जो खर्च दिसतो तेवढाच तो मोजतो. जो खर्च पुढच्या पिढीवर पडणार असतो, तो कोणाच्याच खात्यावर पडत नाही. शिवाय फीत राखून ठेवण्याचा निर्णय चुकला असे पुढे वाटले, तर ती केव्हाही पुसता येते. पुसण्याचा निर्णय चुकला तर तो दुरुस्त करण्यास वाव नाही. या दोन चुका एकाच मापाच्या नव्हेत, एवढे साधे तारतम्यही त्या हिशेबात नव्हते.

या कथेत आणखी एक धागा आहे, आणि तो आपल्याला अडचणीचा असला तरी टाळून चालणार नाही. ब्रिटनमधील 'इक्विटी' या नटांच्या संघटनेने व वादकांच्या संघटनेने पुनःप्रक्षेपणावर मर्यादा घालून घेतल्या होत्या. ठराविक मुदतीत, ठराविक वेळाच कार्यक्रम पुन्हा दाखवता येई, आणि त्यापुढे नव्याने करार करून मोबदला द्यावा लागे. संघटनांची भीती निराधार नव्हती. जुनेच कार्यक्रम पुन्हापुन्हा दाखवू लागले तर नवे काम मिळणार कोठून, असा त्यांचा प्रश्न होता, आणि हातावर पोट असलेल्या नटाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की मुदत उलटलेली फीत व्यवस्थापनाच्या लेखी निरुपयोगी झाली. म्हणून काही लोक सगळा दोष कामगार संघटनांच्या माथी मारतात. आम्हाला ते मान्य नाही. संघटनांनी मोबदला मागितला होता. फिती पुसा, असे म्हटले नव्हते. पुन्हा दाखवायचे नाही म्हणजे जपूनही ठेवायचे नाही, हा निष्कर्ष व्यवस्थापनाने काढला. तरीही एक गोष्ट आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आपल्या श्रमाच्या मोबदल्याबरोबरच आपल्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू टिकावी, ही मागणीसुद्धा कामगार चळवळीच्या सनदेत असायला हवी होती. ती नव्हती, आणि बहुतेक ठिकाणी आजही नाही.

मग जबाबदारी होती कोणाची? फिती सांभाळणारे तांत्रिक खाते होते. फिल्म ग्रंथालय होते, पण ते मुख्यतः फिल्मवर चित्रित केलेल्या कामाची काळजी वाही. परदेशी विक्री करणारा विभाग होता, त्याला विक्रीचे हक्क संपल्यावर प्रती ठेवण्याचे प्रयोजन वाटत नव्हते. मूळ प्रत दुसऱ्याकडे असेलच, असे प्रत्येकजण समजत राहिला. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता, आणि तरी नाश पद्धतशीरपणे, रीतसर कागदांवर सह्या होऊन पार पडला. १९७८ साली हे थांबले, कार्यक्रमांची निवड करून जतन करण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला, आणि आपल्यापाशी काय नाही याची मोजदाद सुरू झाली. बैल गेला नि झोपा केला, असे आपल्याकडे म्हणतात. मात्र तेथे झोपा केला गेला आणि गेलेल्या बैलाचा माग काढण्यासही माणसे निघाली, एवढे श्रेय दिले पाहिजे.

हा माग काढणाऱ्यांची हकिकत मोठी उद्बोधक आहे. पहिले श्रेय जाते ते सामान्य प्रेक्षकांना. साठीच्या दशकात काही तरुण मुले घरातील चित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून मालिकेचा आवाज टिपत असत. त्यांच्या या छंदामुळे आज 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी उपलब्ध आहे. जॉन क्यूरा नावाचे एक छायाचित्रकार पडद्यावरील दृश्यांची छायाचित्रे काढून ती नटांना व निर्मात्यांना विकत. तो त्यांचा चरितार्थ होता. अनेक भागांचे दृश्यरूप आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ या छायाचित्रांवरून. १९८३ साली लंडनमधील एका चर्चच्या तळघरात दोन भागांची रिळे निघाली. 'डॅड्ज आर्मी' या दुसऱ्या लोकप्रिय मालिकेचे दोन भाग २००१ साली परत आले. ती रिळे कोणीतरी कचऱ्यातून उचलून बागेतल्या खोपटात ठेवली होती.

परदेशांतूनही रिळे येत राहिली. बीबीसी आपल्या कार्यक्रमांच्या प्रती राष्ट्रकुलातील देशांना विकत असे, आणि प्रक्षेपणानंतर त्या परत पाठवाव्यात, नष्ट कराव्यात किंवा पुढच्या देशाकडे धाडाव्यात असा दंडक असे. जेथे हा दंडक काटेकोरपणे पाळला गेला, तेथून काही मिळाले नाही. जेथे कोणा कोठीवाल्याने तो पाळला नाही, तेथे ठेवा उरला. १९८० च्या दशकात नायजेरियातून काही भाग आले, १९९० च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगमधून एक संपूर्ण चार भागांची कथा आली, आणि २०१३ मध्ये जोसची रिळे मिळाली. साम्राज्याने जगभर आपला माल पाठवला आणि राजधानीत त्याची आठवणही ठेवली नाही. ती ठेवली पूर्वीच्या वसाहतींतील अल्पवेतनी नोकरांनी, तीही बहुधा हेतुपूर्वक नव्हे.

याहून विलक्षण एक प्रकार ऑस्ट्रेलियात घडला. तेथील सरकारी परीक्षकांनी मुलांना भीती वाटेल म्हणून या मालिकेतील काही दृश्ये कापली होती. पुढे संपूर्ण भाग नष्ट झाले, परंतु कापलेले तुकडे सरकारी दप्तरात फायलींबरोबर सुरक्षित राहिले आणि १९९६ साली सापडले. म्हणजे लोकांनी जे पाहू नये असे शासनाने ठरवले होते, तेवढेच लोकांसाठी शिल्लक राहिले. कात्रीची तरफदारी करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या पिढीला तसे करता येणार नाही. परंतु यातून एक शिकण्यासारखे आहे. त्या कचेरीत दप्तर ठेवण्याचा नियम होता, आणि नियम होता म्हणून वस्तू वाचली. कार्यक्रम बनवणाऱ्या संस्थेत कलावंत होते, कल्पकता होती, प्रतिष्ठा होती, पण हा नियम नव्हता.

हा दोष सार्वजनिक संस्थांचाच आहे, खाजगी मालकी असती तर ठेवा जपला गेला असता, असे म्हणणारेही भेटतील. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. ब्रिटनमधील खाजगी कंपन्यांनीही तेच केले. 'द अ‍ॅव्हेंजर्स' या प्रसिद्ध मालिकेच्या १९६१ सालच्या पहिल्या पर्वातील बहुतेक भाग आज अस्तित्वात नाहीत. अमेरिकेतील ड्यूमाँट या बंद पडलेल्या चित्रवाणी कंपनीचा संग्रह सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवण्यात आला, अशी साक्ष अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ साली तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयापुढे दिली. १९६७ सालच्या पहिल्या 'सुपर बोल' सामन्याचे प्रक्षेपण दोन बलाढ्य कंपन्यांनी केले, आणि दोघींनीही त्याची फीत राखली नाही. नफ्याच्या हिशेबाला उद्याचा गिऱ्हाईक दिसतो. परवाचा नागरिक त्याला दिसत नाही.

पैशाची टंचाई हेही खरे कारण नव्हे. १९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, आणि त्या क्षणाची मूळ, अधिक सुस्पष्ट चित्रे ज्या चुंबकीय फितींवर नोंदली होती त्यांचा शोध अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने पुढे घेतला. २००९ साली निष्कर्ष निघाला की त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. प्रक्षेपित झालेल्या, तुलनेने अंधुक प्रतींवरून मग ती दृश्ये सुधारून घ्यावी लागली. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या ज्या संस्थेने चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्चिले, तिला फिती कमी पडल्या! साधनांची वाण नव्हती. स्मृती हे काम आहे आणि त्या कामाला माणूस, जागा व अधिकार द्यावे लागतात, ही जाणीव नव्हती.

याच अमेरिकेत एका स्त्रीला ती जाणीव होती. मॅरियन स्टोक्स या फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय ग्रंथपाल. नागरी हक्कांच्या चळवळीत आणि डाव्या राजकारणात त्या वावरल्या. १९७९ साली इराणमधील ओलिसांचे प्रकरण सुरू झाले तेव्हापासून त्यांनी घरी चित्रवाणीवरील बातम्या नोंदण्यास आरंभ केला आणि १४ डिसेंबर २०१२ रोजी मृत्यू येईपर्यंत, रात्रंदिवस, एकाच वेळी अनेक यंत्रे लावून हे काम चालू ठेवले. बातमी सांगण्याची रीत दिवसागणिक कशी बदलते आणि काल सांगितलेले आज कसे गाळले जाते, याचा पुरावा लोकांपाशी असला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या मागे सुमारे ७० हजार फिती राहिल्या. त्यांच्या कुटुंबीयांनी त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विनामूल्य सार्वजनिक संग्रहाकडे सोपवल्या. वाहिन्यांनी जे केले नाही ते एका ग्रंथपालाने स्वतःच्या पैशाने, स्वतःचे घर फितींनी भरून टाकून केले. आम्हाला तिच्याविषयी आदर वाटतो. परंतु समाजाची स्मृती राखण्याचे काम एका माणसाच्या ध्यासावर आणि घरातल्या जागेवर सोपवणे, ही त्या समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे.

येथे आम्ही मूळ मुद्द्यापाशी येतो. हरवलेले भाग शोधण्याच्या या सर्व धडपडीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. शोध कशाचा घेतला जातो? ज्याच्यावर कोणाचे तरी प्रेम आहे त्याचा. 'डॉक्टर हू'ला निष्ठावंत चाहते लाभले, त्यांच्यात वेळ व पैसा असणारे लोक निघाले, म्हणून त्या मालिकेचा एक-एक भाग मोजला गेला. त्याच वर्षांतील कामगारविषयक चर्चा, शालेय पाठ, स्थानिक बातम्या, खाणकामगारांच्या मुलाखती यांतले किती गेले याची यादी कोण ठेवतो? जोसच्या कोठारात लंडनची रिळे शोधायला माणूस गेला. नायजेरियाच्या स्वतःच्या जुन्या कार्यक्रमांची रिळे शोधायला तसा कोण जाणार? जे लोकप्रिय होते ते प्रेमाने वाचते, जे विकाऊ होते ते बाजार वाचवतो. जे केवळ महत्त्वाचे होते, त्याला वाली नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. जोस येथील शोध जाहीर झाला त्याच सुमारास ते भाग संगणकावर विकत घेण्याची सोय झाली. विक्री केली ती बीबीसीच्या व्यापारी शाखेने. म्हणजे परवानाशुल्क भरणाऱ्या लोकांच्या पैशातून कार्यक्रम झाला, सार्वजनिक संस्थेने तो घालवला, एका खटपट्या माणसाने तो परदेशातून मिळवला, आणि लोकांनी त्याच कार्यक्रमासाठी पुन्हा पैसे मोजले. दुरुस्तीला खर्च येतो हे खरे. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये दडलेल्या रंगाच्या खुणा वाचून रंग परत आणण्यासारखी किमया आज साधली आहे, आणि 'डॅड्ज आर्मी'चा एक भाग अशा रीतीने २००८ साली पुन्हा रंगात दाखवला गेला. अशा कष्टांचे मोल दिलेच पाहिजे. पण सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो भाग विनामूल्य पाहण्याचा हक्कही त्याबरोबर यायला हवा होता.

'सगळेच कसे राखणार? आणि दवाखान्यांना औषधे नसताना फितींवर खर्च का?' हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. सगळे राखता येत नाही. निवड करावीच लागते. प्रश्न असा की निवड कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाला जबाबदार राहून करायची. फीत संपली म्हणून एखाद्या कारकुनाने हाताला लागेल ती पुसायची ही निवडीची पद्धत नव्हे. फ्रान्सने यावर एक उत्तर काढले. १९७४ च्या कायद्यान्वये तेथील सरकारी चित्रवाणीचे विघटन झाले तेव्हा संग्रह सांभाळण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापण्यात आली, आणि १९७५ च्या जानेवारीत ती कार्यरत झाली. पुढे १९९२ च्या कायद्याने, छापील पुस्तकाची प्रत जशी राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते, तसे आकाशवाणी व चित्रवाणीचे कार्यक्रम जमा करणे बंधनकारक झाले. संशोधकांना ते पाहण्याची सोय आहे. राष्ट्राच्या अंदाजपत्रकात एवढ्या कामासाठी लागणारी रक्कम दवाखाने बंद पाडण्याइतकी मोठी नसते, हे अंदाजपत्रक वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. त्यान्वये प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांत जमा करावयाची असते. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. चित्रवाणीचा कार्यक्रम त्यात येत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचा पाया घालणारे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे जमवली, आणि फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग आज पाहता येतो तो त्यांच्या प्रयत्नांमुळे. संग्रहालय निघाले तेव्हा आपल्या चित्रपटाला पन्नास वर्षे होऊन गेली होती, आणि १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत तोवर हाती लागली नव्हती. ती आजवर लागलेली नाही. हा धडा चित्रपटाने दिला असूनही चित्रवाणीसाठी आपण तो गिरवला नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रात ते भीषण दुष्काळाचे वर्ष होते. त्या केंद्राने 'आमची माती, आमची माणसं' दाखवले, 'गजरा', 'किलबिल' आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा' दाखवले. शेतकरी, कवी, नट, गृहिणी आणि मुले यांच्या बोलण्याचालण्याची ती नोंद होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आज एखाद्या विद्यार्थ्याला त्या संपावर प्रबंध लिहायचा असेल, तर वृत्तपत्रांच्या फायली त्याला ग्रंथालयात मिळतील. सरकारी चित्रवाणीने त्या संपाविषयी लोकांना काय दाखवले, किती दाखवले आणि काय दाखवले नाही, हे पाहण्यासाठी त्याने कोणत्या दारी जावे? आणि त्या दारी गेल्यावर, पाहू देणे हे त्याच्यावर केलेले उपकार नसून त्याचा हक्क आहे, असे सांगणारा नियम कोठे आहे?

दूरदर्शनने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुने कार्यक्रम संगणकीय रूपात आणण्याचे काम झाले आहे आणि त्यांतील पुष्कळ लोकांपुढे आले आहेत. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या दिवसांत 'रामायण' मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा तिला अफाट प्रेक्षकवर्ग लाभला. जपून ठेवलेल्या फितीला तीन दशकांनंतरही मोल असते हे त्या दिवसांत साऱ्यांनी पाहिले. पण त्यातून आमचाच मुद्दा सिद्ध होतो. 'रामायणा'ला वाली मिळणारच. भातावरील रोगाची माहिती देणारा १९७० च्या दशकातला अर्धा तास, त्यात आपल्या बोलीत प्रश्न विचारणारा रायगडचा शेतकरी, याला वाली कायदाच देऊ शकतो.

वेळ फार उरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ सालीच इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरील जे २०२५ पर्यंत संगणकीय रूपात आणले जाणार नाही, ते बहुतांशी गमावले जाईल. ती मुदत येऊन ठेपली आणि गेली. फितीवरील लेप सुटतो, फिल्मला आंबूस वास येऊन ती आकसते, जुनी यंत्रे मोडीत जातात आणि ती चालवू शकणारे तंत्रज्ञ निवृत्त होतात. आपल्या दमट हवेत हे सारे अधिकच वेगाने होते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक दूरदर्शन केंद्राने आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही याची यादी जाहीर करावी. नसलेल्याची यादी अधिक महत्त्वाची, कारण हरवल्याची कबुली दिल्याशिवाय शोध सुरू होत नाही. दुसरी, १९५४ च्या कायद्याच्या धर्तीवर चित्रवाणी व नभोवाणीच्या कार्यक्रमांसाठी, सरकारी व खाजगी दोन्ही वाहिन्यांना लागू होणारा, अनिवार्य जमा करण्याचा कायदा व्हावा आणि निवडीचे निकष लोकांपुढे ठेवावेत. तिसरी, विद्यापीठांत व जिल्हा ग्रंथालयांत हे कार्यक्रम विनामूल्य पाहण्याची सोय असावी, आणि व्यापारी वापर झाल्यास कलावंत व तंत्रज्ञांना त्यांचा वाटा मिळावा. चौथी, लोकांनी घरोघरी नोंदलेल्या फिती, निवृत्त तंत्रज्ञांच्या कपाटांतील प्रती, यांचे आवाहन करून संकलन करावे. देणाऱ्याला 'ही तुझ्याकडे आली कशी' असे विचारून गुन्हेगार ठरवू नये. ब्रिटनमध्ये कित्येक संग्राहक याच भीतीने वर्षानुवर्षे गप्प राहिले, आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या मागे ती रिळे भंगारात जाणार की संग्रहात, हे त्या भीतीवर ठरते आहे.

या पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. आपल्या सभा, मोर्चे, परिषदा आणि भाषणे यांच्या ध्वनिफिती व चित्रफिती अनेक कार्यालयांत आणि घरांत पडून असतील. दुसऱ्याच्या दप्तराचा हिशेब मागणाऱ्यांनी आधी आपली कपाटे उघडावीत. फितीवर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्यावी. लंडनच्या कचेऱ्यांत इतक्या विद्वान माणसांना जे सुचले नाही, ते जोसच्या कोठारातील कोणा अनाम नोकराच्या हातून घडले. त्याने काही पुसले नाही.